नवस कुठल्या होडीचा?

खामफेंगमावशी महिनाभर राहायला म्हणून खनुन बेटावर आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांची पिशवी होती, चिकट तांदळाचं पोतं होतं, आंबवलेल्या मासळीची, फडक्याने तोंड आवळलेली बरणी होती आणि एक नवस होता. पिशवी, पोतं आणि बरणी लेकीला लगेच दिसली. नवसाचं मात्र मावशींनी बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही.

लेक म्हणजे पुई. धक्क्याला लागून तिची खाणावळ होती. चार टेबलं, वर पत्रा आणि मागे दोन खोल्या. ओल्या पायरीवरून घसरून तिने घोटा मोडून घेतला होता आणि महिनाभर पाय प्लास्टरमध्ये. नवरा मासेमारीच्या मोठ्या जहाजावर, गेला की दोन-दोन महिने तिकडेच. मग आईला बोलावण्यावाचून काय इलाज? आई आली हेच नवल. समुद्रापासून दूर, रोई-एतकडच्या भातशेतीत सगळा जन्म काढलेल्या मावशींनी गुडघ्याच्या वर जाईल एवढं पाणी फक्त म्हशींच्या डबक्यात पाहिलं होतं.

पहिल्याच सकाळी त्यांनी स्वयंपाकघर आपल्या हाताला येईल असं लावून घेतलं. खलबत्ता डावीकडून उजवीकडे गेला, मिठाचा डबा वर गेला, आणि पुईला बसल्या जागेवरून काहीच सापडेनासं झालं. मग बरणीचं फडकं सुटलं. पाच मिनिटांत शेजारची प्रानी नाकाला रुमाल लावून दारात हजर.

"पुई, तुझ्या मोरीत काही मेलंय का गं?"

"मेलं नाही, मुरलंय," मावशी आतून म्हणाल्या. "दोन वर्षं. बस, कच्च्या पपईत कालवून देते."

"नको, मावशी, मी जेवून आलेय," प्रानी म्हणाली आणि उलट्या पावली गेली. सकाळचे सात वाजले होते.

मावशींच्या स्वतःच्या तक्रारी वेगळ्या. एक म्हणजे समुद्र. "हा रात्रभर गप्प बसतच नाही का गं? आमचं तळं बघ, अंधार पडला की झोपतं." दुसरी म्हणजे इथलं आंबट-पिवळं कालवण. मूठभर मिरच्या सहज चावून खाणाऱ्या मावशींनी त्याचा एक घोट घेतला आणि कानाला हात लावून नुसत्या बसून राहिल्या. आणि तिसरी म्हणजे इथलं बोलणं. "ही माणसं बोलतात की तव्यावर मोहरी टाकतात? एक शब्द हाती लागेपर्यंत चार उडून गेलेले असतात."

पण हाताला काम मिळालं की मावशी रमत. उजाडताना त्या तांदळाची पेज चढवत. त्यात माशाचे तुकडे, वरून तळलेला लसूण. सगळ्यात आधी यायचे ते होडीवाले. बेट आणि पलीकडचा किनारा यांच्यामध्ये उतारूंची ने-आण करणाऱ्या सात होड्या होत्या. त्यांचे मालक पेज ओरपत आणि एकमेकांची उणीदुणी काढत. मावशी वाढता वाढता धक्क्याकडे बघत राहायच्या. मग कुणी नाही असं पाहून पाण्याच्या कडेने चालत जायच्या. एकेका होडीपुढे थांबायच्या, हात जोडायच्या, मान वाकडी करून तिच्या नाळेकडे, पुढच्या उंच टोकाकडे, बघायच्या आणि पुढच्या होडीकडे सरकायच्या.

पुईने हे चार-पाच दिवस पाहिलं.

"आई, तू रोज त्या होड्यांकडे काय बघतेस?"

"कुठे काय."

"पाय मोडलाय माझा, डोळे नाहीत मोडले."

मावशींनी लसणाची पाकळी सोलली, दुसरी सोलली, आणि मग सांगून टाकलं.

त्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावरून निघताना होडीत उतारू म्हणून त्या एकट्याच होत्या. बाकी सगळी कोबीची पोती. पहिली लाट होडीच्या पोटावर आपटली तेव्हा मावशींनी डोळे मिटले, डोक्यावरून पंचा ओढून घेतला आणि बरणीला मिठी मारली. अर्ध्या वाटेत इंजिन खोकलं आणि बंद पडलं. एकदम शांतता. होडी नुसती डुलत होती. होडीच्या नाळेवर यानांग आईचं ठाणं असतं, ती होडी सांभाळते, म्हणून तर तिथे रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधतात, एवढं मावशींना ऐकून माहीत होतं. त्यांनी तिलाच हाक घातली. यानांग आई, मला जिवंत काठाला लाव. चारचौघांत तुझ्यापुढे एक गाणंभर नाचेन. शब्द तोंडातून निघाले आणि इंजिन सुरू झालं.

"नाचेन?" पुईचे डोळे मोठे झाले. "तू?"

"हसू नकोस."

"अगं, उकडलेली अंडी बोलायचीस, कोंबडी बोलायचीस. सगळं जग अंडी बोलतं!"

"बुडताना माणूस बाजारहाट ठरवत बसतं का? तोंडात आलं ते बोलले."

यातली गोम पुईला चांगली ठाऊक होती. आई जन्मात कधी नाचली नव्हती. गावच्या जत्रेत सगळ्या बाया ढोलामागे नाचत निघायच्या, आणि आई कडेला उभी राहून त्यांच्या चपला सांभाळायची.

"मग एकदा नाच आणि मोकळी हो," पुई म्हणाली.

"कुणापुढे? होडी कुठली तेच माहीत नाही! काठ लागला तशी उडी मारून जी पळत सुटले ती तुझ्या दारात येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही. होडीवाल्याचं तोंडही बांधलेलं, उन्हावाऱ्यासाठी सगळे बांधतात तसं. आणि फडकी काय, सगळ्यांच्याच नाळेवर आहेत."

"मग सातही होड्यांपुढे नाच."

"सात वेळा? एकदाच नाचायचं म्हणून माझी झोप उडालीय! आणि एकीचा आहेर दुसरीच्या दारात नेऊन ठेवायचा? पहिली काय म्हणेल?"

"मग राहू दे."

मावशींनी सुरी खाली ठेवली. "परत त्याच पाण्यातून जायचंय मला. महिनाअखेरीला तुझ्या बापाचं वर्षाचं दान आहे. भिक्षूंना जेवायला सांगून आलेय. नवस अंगावर ठेवून मी त्या होडीत पाय टाकणार नाही. आणि मी गेले नाही, तर त्याच्या नावाने पाणी कोण सोडणार?"

यावर पुई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पेज वाढून झाल्यावर मावशी टेबलांच्या मध्ये उभ्या राहिल्या. पंच्याला हात पुसले आणि सरळ विचारलं, "मी आले त्या दिवशी मधोमध कुणाच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं?"

सातही चमचे थांबले.

"मावशी," खियान म्हणाला, "खाताना असं काही विचारतात का?" खियान म्हणजे पोट सुटलेला, मोठ्या गळ्याचा गडी, कुजबुजला तरी पलीकडच्या किनाऱ्याला ऐकू जावं असा.

"माझं इंजिन तर लग्न झाल्यापासून बंद पडलेलं नाही," दुसरा म्हणाला.

"माझं बंद करावं लागतं, आपणहून होत नाही," तिसरा.

मावशींनी मग नवसाची हकिगत सांगितली. खाणावळ हसून हसून लोळली, पण लगेच सगळे सावरून बसले. कारण ज्या होडीपुढे नवस फेडला जातो त्या होडीची पत वाढते. उतारू आधी तिच्याकडे बघतात. आता नवसाची होडी प्रत्येकाला आपलीच असायला हवी होती, पण बंद पडलेलं इंजिन कुणालाच नको होतं.

"थांबा," छेमकाका म्हणाले. ते सगळ्यांत वडील. होड्यांचे नंबर तेच लावायचे, तोंडी, आणि त्यात कधी चूक झालेली कुणाला आठवत नव्हती. "कोबी आला तो दिवस ना? सकाळी पहिला मी. मग हे दोघे. दुपारचा नंबर खियानचा. मावशी दुपारी आल्या. म्हणजे खियानची होडी."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ज्याचा नंबर, त्याचे उतारू. खनुन बेटावर कुणी कुणाची बायको पळवली तर लोक वर्षभराने विसरतील. कुणी कुणाचा नंबर पळवला तर नातवंडांपर्यंत ऐकवतील.

"माझीच!" खियानने टेबलावर थाप मारली. "मला वाटलंच होतं."

"पण मग इंजिन?" मावशींनी विचारलं.

"ते बंद नव्हतं पडलं, मावशी. वारा उलटा होता. तुम्हाला आवाज आला नसेल."

मावशींनी वाट्या उचलायला घेतल्या. पण त्यांच्या मनाला ते काही पटलं नाही. आवाज येणं वेगळं आणि न येणं वेगळं, एवढं म्हातारीला कळतं.

सगळे उठून गेले तरी शेवटच्या टेबलावर निरुत बसून होता. सात होडीवाल्यांतला धाकटा, तिशीचा, अबोल मुलगा. पेज तशीच थंड झालेली. तो रोज येऊन तिथेच बसायचा. मावशींकडे असा बघायचा की आता काहीतरी बोलणार, आणि मग म्हणायचा, "मावशी, लिंबू आहे का?"

"ह्याचं लग्न झालंय का गं?" मावशींनी आत येऊन विचारलं.

"नाही. दोनदा ठरता ठरता राहिलं."

"म्हणूनच," मावशी म्हणाल्या.

त्या आठवड्यात खियानला उसंत नव्हती. त्याने नाळेवर नवी फडकी बांधली, लाल, हिरवी आणि पिवळी. देवळातून कर्णा मागून आणला आणि गाडीवर बांधून बेटभर सांगत फिरला की खामफेंगमावशी माझ्या होडीपुढे नाचणार, सगळ्यांनी यावं. पहाटे दोन-चार जणांत उरकून टाकू म्हणणाऱ्या मावशींनी तो आवाज ऐकला आणि पाण्याच्या रांजणामागे जाऊन बसल्या.

तिथेच प्रानीने त्यांना गाठलं. "उठा. मनगट दाखवा. असं नाही, कपडे पिळताय का? सोडा, सैल सोडा."

पुई पातेलं बडवायची, प्रानी पुढे नाचायची आणि मावशी मागून, दोन पावलं चुकवत, दात-ओठ आवळून. घामाघूम होऊन सगळ्या खाली बसल्या की प्रानी इकडेतिकडे बघून हळूच विचारायची, "ते तुमचं मेलेलं थोडं आहे का, मावशी? पपईत घालून?" पंधरवड्यात बरणी अर्धी झाली. प्रानीच्या घरून वाटी येऊ लागली, तिच्या जावेच्या घरून येऊ लागली. मावशींनाही भरती कधी, ओहोटी कधी ते न विचारता कळायला लागलं. पिवळ्या कालवणाचा आता दुसरा घोटही जात होता. समुद्र रात्री बोलायचा, तेव्हा त्या कूस बदलून म्हणायच्या, "बोल बाबा, बोल."

एवढं सगळं चालू असताना निरुतची होडी मात्र दिवसेंदिवस हट्टाला पेटली होती. सकाळी दोरी ओढ, ओढ, ओढ, आणि इंजिन ढिम्म. त्याने तेल बदललं, नळी बदलली. धक्क्यावरचे लोक त्याला मोजून दाखवायचे, "तेरा! चौदा! निरुत, जेवून ये, मग पंधरावी ओढ!" तो हसायचा नाही. होडीच्या नाळेकडे बघायचा, हात जोडायचा आणि पुन्हा ओढायला लागायचा.

ठरलेल्या सकाळी अख्खं बेट धक्क्यावर उतरलं. मावशी घरच्या मागावर विणलेलं जांभळं रेशमी सिन नेसल्या होत्या आणि केसांत प्रानीने चाफा खोचला होता. पुई खुर्चीत, प्लास्टरचा पाय पुढे. खियानची होडी नव्या नवरीसारखी सजलेली. खियान आणि त्याची बायको कर्ण्याजवळ.

मावशी ओल्या वाळूत उतरल्या. त्यांनी नाळेपुढे हात जोडले. "यानांग आई," त्या म्हणाल्या, "मी बोलले होते तुला..." आणि थांबल्या. पुढे जाववेना. हे दार आपलं नाही, असं काहीतरी आत म्हणत होतं.

"थांबा, मावशी!"

निरुत कमरेइतक्या पाण्यातून येत होता. त्याच्या हातात इंजिनची दोरी होती, तुटलेली.

"ही होडी नाही ती," तो म्हणाला. "माझी आहे."

"अरे, नंबर माझा होता!" खियान ओरडला. कर्णा चालूच होता. सगळ्या बेटाने ते दोनदा ऐकलं.

"होता तुझाच. तू नव्हतास, दादा. ढग भरून आले होते, ह्या एकट्या पलीकडच्या धक्क्यावर बरणी पोटाशी धरून बसल्या होत्या. मी घरीच निघालो होतो. म्हटलं, एक उतारू, कुणाला कळतंय. घेतलं बसवून."

"म्हणजे नंबर मोडलास," छेमकाका म्हणाले.

"मोडला, काका."

"आणि तू नव्हतास, तर होतास कुठे?" हा आवाज खियानच्या बायकोचा होता. खियान कर्ण्याचं बटण शोधायला लागला.

"मी... तेल आणायला..."

"कोंबड्यांच्या झुंजीला होतास! मला म्हणालास, होडीत म्हातारी होती, हळू चालवावी लागली, म्हणून उशीर!"

हसण्याचा लोट उसळला. छेमकाकांनी हात वर केला तेव्हा कुठे थांबला. "निरुत, कशावरून तुझीच होडी? आणि इंजिन?"

निरुतने पाण्याकडे बघितलं. नंबर मोडला हे त्याने पटकन सांगून टाकलं होतं. हे जड जात होतं.

"बंद पडलं होतं," तो शेवटी म्हणाला. "मधोमध. म्हणून तर ऐकू आलं सगळं. मावशी म्हणाल्या, यानांग आई, मला जिवंत काठाला लाव, एक गाणंभर नाचेन. आणि मग म्हणाल्या..." तो अडखळला.

"काय म्हणाले मी?" मावशींनी विचारलं. मग त्यांना आठवलं, आणि हात तोंडावर गेला.

"म्हणाल्या, हा तोंड बांधलेला वानर मला बुडवणार. ह्याला सात जन्म बायको मिळू देऊ नकोस."

या वेळी छेमकाकाही हसले. पुईला खुर्चीतून पडता पडता प्रानीने धरलं. फक्त दोघं हसत नव्हती. मावशींनी वाकून निरुतचा ओला हात धरला.

"पोरा, एवढे दिवस लिंबू मागत होतास, तेव्हा बोलायचं नाहीस?"

"बोललो असतो तर दंड म्हणून पंधरा दिवस शेवटचा नंबर. म्हणून तोंड दाबून बसलो. पण यानांग आईचं देणं दुसऱ्या होडीला जायला लागलं, तशी ती माझ्यावर रुसली. सुरूच होत नाही. आज दोरीही तोडली तिने." त्याने आवाज खाली आणला. "आणि मावशी, ते दुसरं... तेवढं मागे घ्याल का?"

"घेते. आधी हे फिटू दे. चल, कुठे आहे ती?"

निरुतची होडी सगळ्यांच्या शेवटी होती, खडकापाशी. रंग उडालेला, नाळेवर एकच विटकं फडकं. गर्दी खियानच्या सजलेल्या होडीला मागे टाकून तिकडे वळली. खियान कर्णा उचलून मागोमाग आला. आता होडी नाही तर नाही, कर्णा तरी त्याचा होता. पण कर्ण्यात गाणी होती ती सगळी इथली, धावत्या चालीची. पुईने फोनवर आईच्या गावाकडचं गाणं शोधलं तर ते दोन ओळी वाजून अडकलं.

"राहू दे," मावशी म्हणाल्या.

त्यांनी डोळे भरून त्या विटक्या फडक्याकडे बघितलं. "आई, मी आले गं," म्हणाल्या, आणि गाऊ लागल्या. ओऽऽ ला नोऽऽ. भात लावताना बांधावरून बांधावर जायची ती लांब हाक. आवाज आधी फाटला, मग जुळला. पुईने खुर्चीचा हात बडवायला घेतला. मावशींची मनगटं उचलली गेली, प्रानीने शिकवलं होतं तशी, कपडे पिळल्यासारखी. बायका तोंडं दाबून हसल्या.

दुसऱ्या कडव्याला मात्र मनगटांचं ते पिळणं सुटलं. पुईचा बाप जत्रेत असा नाचायचा, एक हात छातीपाशी, दुसरा भाताच्या लोंबीसारखा झुलता. दरवर्षी तो गर्दीतून येऊन बायकोचा हात ओढायचा आणि दरवर्षी ती सोडवून घ्यायची, चपला सांभाळायच्या आहेत म्हणून. इतकी वर्षं नुसतं बघितलेलं सगळं आता हातांना येत होतं. पावलं ओल्या वाळूत गोल उमटत गेली. केसांतला चाफा पडला. लाट आली आणि सिनचा काठ भिजला, तरी त्या सरकल्या नाहीत.

गाणं संपलं. छेमकाका पुढे झाले. "फिटला, मावशी," ते म्हणाले. "आता खुशाल घरी जा. निरुत, तू मात्र पंधरा दिवस शेवटी."

"हो, काका," निरुत म्हणाला. पण तो बघत होता मावशींकडे. मावशींचे हात खाली आलेच नव्हते. त्यांनी श्वास घेतला, आणि ती लांब हाक पुन्हा सुरू झाली.

"हे कुणाचं?" खियानने विचारलं. "नवस तर एकाच गाण्याचा होता ना?"

प्रानी वाळूत उतरली होती. तिच्यामागून तिची जाऊ, मग खियानची बायको.

"आई!" खाणावळीकडून वास आला तशी पुई ओरडली. "पेज खाली लागली!"

"लागू दे!" मावशी म्हणाल्या.